इझाया पेलने खोडलेली ओळ

एगैला, शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५
सोनलच्या हस्ते

प्रिय उल्का,

फोन करू नकोस, व्हॉट्सॲपवर अंगठे पाठवू नकोस, काही सांगायचं असेल तर कागदावर लिही, असं तू विमानतळावर म्हणालीस. लिहितो आहे. शाळा सुटल्यापासून मराठीत एवढं सलग लिहिलेलं नाही, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाला हसू नकोस. खालच्या मजल्यावरची सोनल दहा दिवस पुण्याला चालली आहे. म्हणाली, "दादा, लोणचं-बिणचं काही नाही ना? कागद असेल तर द्या, नेते."

इथे आखातात सगळं ठीक आहे. गॅलरीतला कढीपत्ता जिवंत आहे. स्वयंपाकात आपला हात जगन्नाथ. सोमवार ते गुरुवार मुगाची खिचडी, शुक्रवारी बदल म्हणून तुरीची. अस्मिताची खोली मी बंद ठेवतो, धूळ फार येते.

एक कामाचं. तुम्ही दोघी नऊ ऑगस्टला गेलात. सहा महिने देशाबाहेर राहिलं की तुमचा इथल्या वास्तव्याचा परवाना, इकामा, आपोआप रद्द होतो. म्हणजे आठ फेब्रुवारीच्या आत परत यायला हवं. दबाव आणत नाही, फक्त तारीख सांगतो.

सुट्टीचा दिवस खायला उठतो म्हणून एक उद्योग लावून घेतला आहे. अमेरिकेतल्या एका ग्रंथालयाकडे सव्वादोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीची पत्रं आहेत. ती त्यांनी इंटरनेटवर टाकली आहेत आणि जगभरातले रिकामटेकडे ती वाचून टाइप करून देतात. बँकेत दिवसभर लोकांचे कागदच तपासतो, घरीही तेच. माझ्या वाट्याला इझाया पेल नावाचा माणूस आला आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहान बंदरगावात लाकडी पिंपं बनवायचा आणि गावाची कारकुनीही करायचा. दूरच्या भावाला लिहितो. बर्फ किती पडलं, ओक महाग झाला, नव्या राज्यघटनेवर मत द्यायला गावाने कोणाला पाठवायचं यावर दोन पानं. टपालावर भरवसा नसायचा, म्हणून पत्राच्या कोपऱ्यात कोणत्या कप्तानाच्या हस्ते पाठवलं ते लिहायचे. वर सोनलचं नाव त्यावरूनच घातलं.

अकरा जूनबद्दलही लिही, असं तू म्हणाली होतीस. आपल्या बाळाबद्दल. त्यावर मी नवीन काय लिहिणार? आठव्या महिन्यात पोटातच ठोके थांबले, कुणाचा दोष नाही, हे डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं. पुढचं सगळं व्यवस्थित पार पडलं. कागदपत्रं फायलीत आहेत.

अरुणकुमार


एगैला, शुक्रवार, ३१ ऑक्टोबर २०२५
मंडळातल्या एका ओळखीच्या गृहस्थांच्या हस्ते

प्रिय उल्का,

सोनलने माझंच पत्र माझ्या हातात परत ठेवलं, तेव्हा वाटलं की तू ते उघडलंसुद्धा नाहीस. मग मागच्या बाजूला तुझं अक्षर दिसलं. "मिळालं, ११ ऑक्टोबर. ती कुठे आहे?"

बाकी काही नाही. चार पानांच्या पत्राला तीन शब्दांचा प्रश्न.

पेलचा भाऊही असंच करायचा. आलेल्या पत्राच्या पाठीवर मिळाल्याची तारीख टाकून ठेवायचा. तू बरोबर त्याच्या रीतीने गेलीस.

दिवाळी झाली. मंडळाचा फराळ होता, मी गेलो आणि वीस मिनिटांनी निघालो. दारात तीन जणांनी विचारलं, "वहिनी कधी येणार?" मी तिघांनाही "जानेवारीत" असं सांगितलं. तू येणार आहेस का, ते मला माहीत नाही. लोकांना काहीतरी उत्तर लागतं.

तुझ्या प्रश्नाबद्दल. रीतसर दफन झालं. आपल्याकडेही एवढ्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतातच, तेव्हा त्यात वावगं काही घडलेलं नाही. जागेचा तपशील कागदावर असणार. कागद अरबीत आहे, कुणाकडून तरी वाचून घेतो आणि कळवतो.

पेलच्या पत्रांसोबत गावाचं नोंदबुकही आहे, त्याच्याच अक्षरातलं. त्यात सगळंच एका वहीत. कुणाची गाय चुकली, कुणाच्या डुकरांच्या कानाला कोणती खाच, कोण जन्मलं, कोण गेलं. मार्च १७८८ मध्ये एक लाल कालवड सापडल्याची नोंद आहे. खाली "इझाया आणि मार्था पेल यांची मुलगी, मृत जन्मली" अशी ओळ. तिच्या खाली कुणा जोनाथनच्या मेंढ्यांच्या कानाची खूण. तिन्ही ओळींचं अक्षर सारखंच आहे, शाईसुद्धा तीच. मी ते मोठं करून बऱ्याच वेळा पाहिलं. कुठे हात थांबल्यासारखा वाटत नाही.

मी ती ओळ टाइप केली आणि पुढच्या पानावर गेलो.

अरुणकुमार


एगैला, शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०२५
सोनलच्या भावाच्या हस्ते

प्रिय उल्का,

पुन्हा तेच. "मिळालं, ९ नोव्हेंबर. ती कुठे आहे?"

मला माहीत नाही.

हे एक वाक्य लिहायला मला साडेपाच महिने लागले. फायलीतला कागद मी बँकेतल्या एका मुलीकडून वाचून घेतला. तो दवाखान्याचा संमतीचा कागद आहे. बाळाचं पुढचं सगळं बँकेच्या प्रतिनिधीने करावं, याला वडिलांची हरकत नाही, एवढंच त्यात आहे. खाली माझी सही. जागेबद्दल एक अक्षर नाही.

तुला ऑपरेशननंतरची गुंगी होती. एक बाई कागद घेऊन आल्या, काहीतरी अरबीत बोलल्या आणि कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं. मी सही केली. इथे पंधरा वर्षांत मी न वाचताच सह्या करायला शिकलो आहे. इकामा, गाडीच्या नोंदणीचं दफ्तर, घराचा करार, अस्मिताचा शाळाप्रवेश, सगळं आपण मंदूबच्या हातात देतो आणि चार दिवसांनी शिक्का मारलेला कागद परत येतो. सरकारदरबारी बँकेचे कागदी घोडे नाचवायला तो पगारीच ठेवलेला असतो. मी आमच्या मंदूबला, यूसुफला, फोन केला. तो अर्ध्या तासात आला. म्हणाला, "साब, आप मॅडम को देखो, ये मैं करतूं." मी त्याला सिव्हिल आयडीची प्रत दिली. तो गेला.

तू जुलैमध्ये मला म्हणाली होतीस, "तू तिला मंदूबच्या हातात दिलंस, अरुण." मी त्या वेळी चिडलो होतो. इथली पद्धतच तशी आहे, दुसरा काय करणार होतो, वगैरे बोललो होतो. पद्धत तशीच आहे, ते खोटं नाही. पण तो कुठे गेला, कधी पोचला, सोबत कोण होतं, हे मी त्याला तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही.

आणखी एक. त्या दुपारी, तुला सांगितलं तसा, मी कपडे आणायला घरी गेलो नव्हतो. ऑफिसला गेलो होतो. दोन तास बसून एकोणीस फायली तपासल्या. कुणी बोलावलं नव्हतं.

सप्टेंबरात यूसुफ आमची बँक सोडून गेला. त्याचा जुना नंबर लागत नाही. शोधतो.

पेलचं एक पत्र ग्रंथालयाने मला दुरुस्तीला परत पाठवलं आहे. मी त्यातली एक ओळ गाळली होती, कारण पेलने ती खोडली होती. बँकेत खोडून बाजूला सही केलेली ओळ आम्ही वाचत नाही, ती नसतेच. तपासनीस बाईंनी लिहिलं आहे की इथे खोडलेलंसुद्धा टाइप करायचं, माणसाने काय लिहून मागे घेतलं तेही लोकांना वाचायचं असतं. ती ओळ नोंदीनंतर महिन्याभराने लिहिलेल्या पत्रातली आहे. मी अजून उघडली नाही.

अरुण


एगैला, शुक्रवार, २ जानेवारी २०२६
कुरियरने

प्रिय उल्का,

या वेळी कुणी जाणारं मिळालं नाही. आठ फेब्रुवारीला सदतीस दिवस आहेत.

अस्मिताचा शनिवारचा फोन येतो, तेवढंच बोलणं. मी मराठीत विचारतो, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. मागच्या वेळी मी विचारलं, "आई काय करते?" तर म्हणाली, "शी इज फाइन, बाबा. शी वॉक्स अ लॉट." मग म्हणाली, "आर वी कमिंग बॅक ऑर नॉट? माय स्कूल इज आस्किंग." मी म्हटलं, आईला विचार. ती म्हणाली, "शी सेज आस्क बाबा." आपण दोघं मिळून पोरीचा चेंडू करतो आहोत.

ती ओळ मी वाचली. पेलने एकच आडवी रेघ मारली आहे, तिच्या खालचं अक्षर सहज लागतं. पत्रात आधी पिंपांच्या फळ्यांबद्दल आहे, पुलाच्या डागडुजीबद्दल आहे, मार्था आता उठते-बसते असं आहे. मग ही ओळ. "तिला बरेच केस होते." त्यावर रेघ. पुढे लगेच भावाच्या घोड्याची चौकशी.

उल्का, तिलाही केस होते.

तू मला तीनदा विचारलं होतंस, तू तिला पाहिलंस का? मी तिन्ही वेळा नाही म्हणालो. नर्सने विचारलं आणि मीच नको म्हटलं, असं सांगितलं. ते खोटं आहे. मी हो म्हटलं होतं. नर्सने तिला पांढऱ्या टॉवेलात आणलं आणि माझ्या हातात दिलं. दोन-तीन मिनिटं असेल. केस दाट होते, काळे, कपाळावर ओले चिकटलेले. डाव्या कानाची पाळी दुमडलेली होती, अस्मिताची जन्मली तेव्हा होती तशीच. नखं होती. ओठ तुझे होते. वजन मला नीट आठवतं, पण ते लिहून कसं सांगू?

मी पाहिलं म्हणालो असतो तर तू विचारलं असतंस, कशी होती, आणि मला सांगावं लागलं असतं. सांगितलं की ती होती असं झालं असतं. मला ती नसायला हवी होती. ठोके थांबले, कागद झाला, संपलं, असं हवं होतं. तू तिला पाहिलं नाहीस आणि ज्याने पाहिलं तो कानावर हात ठेवून बसला. सात महिने मी तुझ्या वाट्याची ती दोन मिनिटं स्वतःकडे दाबून ठेवली. याची मला लाज वाटते.

मला काही फार होत नाही, हे तुला कळायला हवं. रडू येत नाही. जेवण जातं, झोप लागते. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात आणि मग गालाला हात लावला तरी गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं जूनपासून आहे.

ओळ टाइप करून पाठवली. बाईंचा "धन्यवाद" आला.

अरुण


एगैला, शनिवार, १७ जानेवारी २०२६
सोनलच्या हस्ते

प्रिय उल्का,

मागचं पत्र तू परत पाठवलं नाहीस. अस्मिता म्हणाली, "आईने ते ठेवलंय. इट्स इन हर पर्स." इतकं अख्खं मराठी वाक्य ती बऱ्याच दिवसांनी बोलली.

यूसुफ सापडला. फहाहीलच्या बाजारात एका टायपिंगच्या दुकानात बसतो, लोकांचे अर्ज भरून देतो. मला पाहून उभा राहिला, चहा मागवला, तुझी चौकशी केली. मी म्हटलं, "यूसुफभाई, अकरा जूनला बाळाला कुठे नेलं होतं?"

त्याने समोरचा अर्ज बाजूला सारला. मग म्हणाला, "आप इत्ते दिन में पूछेइच नै, साब. मैं सोचा, साब को नै सुनना होंगा."

त्याने दुकानाच्या खणातून जुनी डायरी काढली. शहराबाहेरच्या दफनभूमीचं नाव, बिगर-मुस्लिमांचा भाग, रांग अकरा, क्रमांक चाळीस. तारीख आणि वेळही लिहून ठेवली होती, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. मी त्या वेळी कितव्या फायलीवर होतो कोण जाणे. मी विचारलं, सोबत कोण होतं? "मैं था, साब. और उधर का चौकीदार. मैं गोद में लेके गया, गाडी में पीछे नै रखा." त्याला तिच्यासाठी आपली प्रार्थना येत नव्हती म्हणून त्याने त्याची म्हटली. चालेल ना, असं त्याने मला विचारलं. मी चालेल म्हटलं. परक्या माणसाने केलं ते बापाने करायचं होतं.

तर हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. रांग अकरा, क्रमांक चाळीस.

मी अजून गेलो नाही. गुरुवारी ऑडिट होतं, काल धुळीचं वादळ होतं. वादळ खरंच होतं, पण गाड्या चालू होत्या. तेव्हा खरं कारण लिहितो. तिथे गेलो की ती जमिनीत आहे हे मला बघावं लागेल, आणि मला भीती वाटते. पुढच्या शनिवारी जातो. लिहून ठेवलं म्हणजे जावं लागेल.

अरुण


एगैला, शनिवार, २४ जानेवारी २०२६
कुरियरने

प्रिय उल्का,

आज गेलो.

सकाळी नऊला पोचलो. थंडी होती, वारा होता. फाटकातून आत गेल्यावर उजवीकडे जायचं, पण हे मी तुला कशाला सांगतो आहे?

सपाट जमीन आहे, वाळू आणि बारीक खडी. लहान मुलांच्या रांगा वेगळ्या. प्रत्येक ठिकाणी वीतभर सिमेंटचा ठोकळा आणि त्यावर क्रमांक. चाळीस सापडायला वेळ लागला नाही. आजूबाजूच्या जागा वाऱ्याने सपाट झाल्या आहेत, हिच्या भोवती पांढऱ्या दगडांचं नीट रिंगण आहे. मी दगडांकडे पाहत उभा राहिलो. हे कुणी केलं असेल ते माझ्या डोक्यात आलं नाही.

एक चौकीदार आला. पन्नाशीचा, डोक्याला मफलर. मुबीन नाव. मी काही बोलायच्या आधी त्याने विचारलं, "चालीस नंबर? अरुण साब?" मी हो म्हटलं. तो वळला आणि त्याच्या खोलीतून प्लास्टिकची एक खुर्ची घेऊन आला. पांढरी, हातांची, कोरी. पायांना अजून दुकानातलं प्लास्टिक गुंडाळलेलं होतं.

"बैठिए साब. आपको कमर का तकलीफ है, खडा नहीं रह सकते."

मी विचारलं, "तुम्हें किसने बताया?"

"मॅडम बोली थी."

मग त्याने सांगितलं ते असं. जुलैमध्ये दर गुरुवारी मॅडम यायच्या. यूसुफ गाडीतून सोडायचा. पन्नास डिग्रीत छत्री घेऊन तासभर बसायच्या, वाळूवरच. दगड त्यांनीच एकेक करून आणले. शेवटच्या वेळी आल्या तेव्हा ही खुर्ची घेऊन आल्या. म्हणाल्या, मी गावाला जाते आहे, साहेब येतील, त्यांना ही द्या. ते विचारत नाहीत, पण एक दिवस येतील. मुबीन म्हणाला, "हर हफ्ते देखता था साब. दिवाली गई, नया साल गया. मैं समझा, नहीं आएंगे. फिर भी धूप में नहीं रखी, अंदर रखी."

म्हणजे तुला माहीत होतं. ऑगस्टमध्ये विमानात बसलीस तेव्हाही. पत्राच्या पाठीवर "ती कुठे आहे" असं लिहिलंस तेव्हाही. तू पत्ता विचारत नव्हतीस. आणि गुरुवारी मी जेवताना "आज काय केलंस?" असं विचारायचो, तेव्हा तू "काही नाही" म्हणायचीस आणि मी पुढचा घास घ्यायचो. एकदा जरी मान वर करून पाहिलं असतं, तरी तुझा उन्हाने करपलेला चेहरा दिसला असता.

मी खुर्चीत बसलो. तू माझ्यावर इतकी रागावून जात होतीस आणि जाता जाता माझ्या कमरेचा विचार करून गेलीस. मला रडू आलं, उल्का. जूनपासून पहिल्यांदा. मोठ्याने आलं, मुबीन लांब जाऊन उभा राहिला. तिला मी केसांबद्दल सांगितलं, कानाबद्दल सांगितलं, तू पुण्यात खूप चालतेस असं सांगितलं. अकरापर्यंत बसलो होतो.

आठ फेब्रुवारीला पंधरा दिवस आहेत. पाचही पत्रांत मी तुला ये असं म्हटलेलं नाही, फक्त तारखा सांगितल्या. आता म्हणतो. ये. इकाम्यासाठी नको. तुमच्याशिवाय मला इथे राहवत नाही. तुला नाहीच यायचं असेल तर कळव, मी रजा टाकून तिकडे येतो, मग इकाम्याचं काय व्हायचं ते होऊ दे.

निघताना मी मुबीनला खुर्ची परत द्यायला गेलो. तो म्हणाला, इथेच राहू दे, तुम्ही आता येत राहाल. मग मी तसाच जमियाच्या सहकारी दुकानात गेलो. तीच कंपनी मिळाली नाही, रंगही थोडा पिवळट आहे. पण हात असलेली मिळाली. ती घेऊन पुन्हा गेलो आणि पहिलीच्या शेजारी ठेवून आलो.

तुझा,
अरुण